पाणी गार लागतं म्हणजे गार असतं का? साक्री तालुक्यातल्या वसाबीचं एक प्रकरण

साक्री तालुक्यात पांझरेच्या पाटाखाली माझ्या मावसभावाचं साडेतीन एकर रान आहे आणि त्या रानात त्यानं मागच्या थंडीत वसाबी लावून पाहिली. सहा महिन्यांत दीडशेच्या दीडशे रोपं गेली. मी पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत होतो, रोपं लावायला होतो आणि उपटायलाही होतो, म्हणून हे लिहितोय. आपल्याच भागातले अजून दोघंजण हेच करायला निघालेत, त्यांचे फोन येऊन गेले, आणि फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही.

आधी वसाबी म्हणजे काय ते सांगतो. जपानी लोक कच्च्या माशासोबत जी हिरवी झणझणीत चटणी खातात ती या झाडाच्या खोडाची, म्हणजे जमिनीलगत वाढणाऱ्या जाड गाठीगाठीच्या कंदाची. झाड मोहरीच्या कुळातलं. हॉटेलात किंवा ट्यूबमध्ये जे वसाबी म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाच्या दुसऱ्याच मुळाची पूड, मोहरी आणि हिरवा रंग असं असतं, कारण खरा कंद महाग, किलोला दहा हजारांच्या पुढं जातो. आता हा आकडा कांद्याच्या भावानं पोळलेल्या माणसानं ऐकला की त्याची झोप उडणारच. मावसभावाची उडाली. त्या वर्षी त्याचा कांदा चाळीतच निम्मा सडला होता आणि उरलेला विकून भाड्याचे पैसे सुटले नव्हते, त्यामुळं त्याला कुणी नावं ठेवू नयेत, त्याच्या जागी मी असतो तर मीही विचार केला असता.

तो मला म्हणला, "दादा, या पिकाला वाहतं, स्वच्छ, गार पाणी लागतं. आपल्याकडं तिन्ही आहे." आणि त्याच्या बोलण्यात दम होता. पांझरेकाठच्या लोकांना वाहत्या पाण्याचं कुणी काय शिकवायचं, आमची फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात त्या हंगामात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, आणि सगळं पाणी नुसत्या उतारानं जातं, मोटार नाही की डिझेल नाही. एका वावरातून खालच्या वावरात पाणी कसं उतरवायचं हे इथल्या पोराला चालता येतं तेव्हापासून माहिती असतं. आणि जपानातल्या वसाबीच्या मळ्यांचे फोटो पाहिले तर पहिल्यांदा तेच दिसतं, डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्या आणि एका पायरीवरून दुसरीवर पाणी. भाऊ तो फोटो पाहून म्हणला हा तर आपलाच फड आहे.

पण फोटोत तापमान दिसत नाही. सगळं प्रकरण इथंच फसलं.

जपानात शिझुओका भागात आबे नदीच्या वरच्या अंगाला उतोगी म्हणून गाव आहे, तिथं साधारण चारशे वर्षांपूर्वी जंगलातली वसाबी आणून झऱ्याच्या पाण्यात लावायला सुरुवात झाली असं मानतात. पुढं १८९२ च्या सुमाराला तिथल्याच इझू भागात पायऱ्यांची एक रचना निघाली, तळाला मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी आणि सगळ्यात वर वाळू, म्हणजे पाणी वरून वाहतं आणि खालूनही झिरपत जातं, मुळांना सतत ताजं पाणी आणि हवा मिळते. शिझुओकाच्या या शेतीला २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. नागानो भागात अझुमिनोला १९१५ साली सुरू झालेला दायो नावाचा मळा आहे, पंधरा हेक्टरचा, तिथं जपानी आल्प्सच्या बर्फाचं वितळलेलं पाणी जमिनीखालून झऱ्यानं वर येतं आणि ते वर्षभर १३ अंशाच्या आसपास असतं. वर्षभर. जानेवारीत पण आणि ऑगस्टमध्ये पण. एवढं करून उन्हाळ्यात ते वर काळी जाळी पसरतात.

वसाबीला पाणी १२ ते १५ अंश लागतं. ८ च्या खाली वाढ थांबते, १८ च्या वर ती कुरकुरते, २० च्या वर रोग धरतात. कंद तयार व्हायला दीड ते दोन वर्षं. म्हणजे मधे किमान एक पूर्ण उन्हाळा काढायचाच आहे, त्याला पळवाट नाही.

हे आकडे आम्हाला माहिती होते का? होते. रोपं देणाऱ्यांच्या कागदावरच छापलेले होते. आम्ही ते वाचले आणि "आपलं पाणी गारच आहे" म्हणून पुढं गेलो, कारण मे महिन्यात दुपारी विहिरीत उतरलं की अंगावर काटा येतो, लहानपणापासून तसंच आहे. दोनशे-तीनशे रुपयांचा प्रोबवाला थर्मामीटर मिळतो, तो त्या वेळी आणला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण मी शेतकी शिकलेलो आहे आणि हे सांगायचं काम माझं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी रोपं आली, दीडशे, एकेक तीनशे रुपयाला. त्याआधी आम्ही तीन पायऱ्यांचा वाफा केला होता, चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद, खाली प्लास्टिकचा कागद, वर नदीगोटे, वर खडी, वर क्रशरची कच धुऊन घातलेली. त्यावर पाईपचा सांगाडा आणि पंचाहत्तर टक्क्यांची हिरवी शेडनेट. काम बघण्यासारखं झालं होतं हे मी आजही म्हणेन, भावानं उतार असा धरला होता की तिन्ही पायऱ्यांवर पाणी बोटभर जाडीनं सारखं फिरायचं, हात दाखवावा तर त्या कामात दाखवावा असं.

थर्मामीटर आला तो रोपं लावल्यावर चार दिवसांनी. विहिरीचं पाणी भरलं २६.२. डिसेंबरात! मला वाटलं मीटरच बिघडलंय, बर्फाच्या पाण्यात घालून पाहिलं तर बरोबर शून्य दाखवतोय. तेव्हा मावशी तिथं शेंगा फोडत बसली होती, तिनं मान वर न करता सांगितलं, "पानी थंडं नही रे पोऱ्या. उन्हायामा तुन्हं आंग तपेल ऱ्हास म्हनीसन ते थंडं लागस. हिवायामा मोटर लाव, वाफा निंघतीस."

आणि हे खरंय की आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं. थंडीत पहाटे मोटार चालू केली की पाटातल्या पाण्यावर वाफ दिसते, बाया त्या कोमट पाण्यात कपडे धुवायला थांबतात. पाणी तेच असतं, मे मध्येही २६ आणि डिसेंबरातही २६, बदलतो तो आपला हात. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं होऊन बसतं, आणि खानदेशात ती सरासरी २६-२७ च्या घरात जाते. बोअर अजून खोल मारला तर पाणी गार लागेल असं काही जण सांगतात, ते उलटं आहे, खोलीबरोबर उष्णता वाढतच जाते. आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन बघा, जमिनीतून येणारं पाणी कसं असतं ते.

मग डिसेंबर-जानेवारी कसं निभावलं? विहिरीचं पाणी थेट न सोडता हजार लिटरच्या टाकीत घेऊन रात्रभर वाफ्यावरून फिरवत ठेवलं. रात्रीची हवा ८-९ अंशावर जायची त्यामुळं पहाटे पाणी १४-१५ ला यायचं आणि दुपारी १९-२० ला चढायचं. आणि रोपं काय लागली म्हणता, हृदयाच्या आकाराची हिरवीगार पानं, तळहाताएवढी झाली. रोज कुणीतरी बघायला यायचं. भाऊ पान तोडून हातात द्यायचा, चावलं की आधी काही नाही आणि मग एकदम नाकात झिणझिण्या. मावशीनं एकदा ती पानं चिरून भरितात टाकली, वांग्याच्या गरम भरितात, तर तिखटपणा पार गेला. त्याचं कारण असं की हा तिखटपणा मिरचीसारखा झाडात तयार नसतोच. पेशी चिरडली की आतले दोन पदार्थ एकत्र येतात आणि मोहरीच्या तेलातला तो उडून जाणारा झणका तयार होतो, म्हणून तो जिभेऐवजी नाकात जातो आणि म्हणूनच पंधरा-वीस मिनिटांत किंवा गरम केलं की लगेच निघूनही जातो. जपानात याच्यासाठी कंद जेवायला बसल्यावरच किसतात.

त्या दोन महिन्यांनीच खरं तर आमची फसगत केली. सगळं मस्त चाललंय असं वाटलं आणि भाऊ अजून हजार रोपांची ऑर्डर द्यायच्या बेतात होता. मी त्याला एवढंच म्हणलं की मार्च जाऊ दे. ती एक गोष्ट माझ्याकडून बरी झाली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटेचं पाणी १८ आणि दुपारचं २३. मार्चमध्ये पहाटेच २२. पानांच्या कडा करपायला लागल्या, दुपारी माना टाकायची, संध्याकाळी परत उभी राहायची, आणि मग एकदा उभीच राहिली नाहीत. उपटून बघितलं तर कंद खालून काळपट आणि मऊ, आणि वास. तो वास भावानं लगेच ओळखला, चाळीतल्या सडक्या कांद्याचा. बरोबर होतं त्याचं, कांदा-बटाट्याला जी मऊ कूज लागते तिचा जिवाणू वसाबीतही शिरतो, त्याला ऊब आणि ओल दोन्ही लागतं आणि आम्ही दोन्ही देत होतो.

त्यात दुसरंही एक होतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. १५ अंशाला लिटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसात. आणि त्याच वेळी मुळांची भूक मात्र वाढलेली असते. शिवाय आम्ही तेच हजार लिटर फिरवत होतो. वसाबीची मुळं तोच झणका थोडाथोडा बाहेर सोडतात आणि तो साचला तर तिची स्वतःचीच वाढ अडते, म्हणून तर तिला वाहून जाणारं पाणी लागतं. वाहतं म्हणजे गोल फिरणारं नाही, हे आम्हाला उशिरा उमगलं. ताजं सोडावं तर २६ अंशाचं, जुनं फिरवावं तर घाण, अशी अडचण होती.

मग इलाज सुरू झाले. पहिला कूलरचा. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना कूलरचे गवताचे पॅड उभे केले, वरून पाणी टपकत ठेवलं, पंखे लावले. आपल्याकडची एप्रिलची हवा कोरडी असते त्यामुळं फरक खूप पडला, बाहेर ४१ असताना पाणी २२-२३ वर थांबायचं. पण त्याखाली नाही म्हणजे नाहीच. माठातलं पाणीही तेवढंच गार होतं, कारण बाष्पीभवनानं पाणी किती उतरेल याला त्या हवेची एक हद्द असते, पॅड दुप्पट लावले तरी ती हद्द हलत नाही. आम्ही लावून पाहिले.

दुसरा इलाज महागात पडला. ओळखीच्या एका दूध संकलन केंद्राचा पाचशे लिटरचा जुना बल्क कूलर विकायला होता, दूध थंड करायचा, तो पंचावन्न हजाराला आणला. त्यातून पाणी फिरवलं. आठ तास चालला तर पाणी १८ पर्यंत यायचं. पण शेतीच्या फिडरला थ्री-फेज मिळते आठ तास, त्यातही कधी दिवसा कधी रात्री. लाईट गेली की चार तासांत पाणी परत २३-२४. म्हणजे रोपांना रोज सहा-सहा अंशांचा झोका बसायला लागला, आणि मला वाटतं त्यानं ती उलट लवकर गेली.

त्या रात्री मी वहीत गणित मांडलं, जे रोपं यायच्या आधी मांडायला पाहिजे होतं. समजा सेकंदाला एकच लिटर पाणी वाहतं ठेवायचं, म्हणजे फार नाही, एक बारीक धार. ते २७ वरून १४ वर आणायचं म्हणजे १३ अंश उतरवायचे. एक लिटर पाणी एक अंश उतरवायला ४.२ किलोज्यूल काढावे लागतात, तर हिशेब झाला सेकंदाला ५५ किलोज्यूल, म्हणजे ५५ किलोवॅट. घरचा दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता ओढतो. म्हणजे दहा एसी, चोवीस तास, बारमाही, एका बारीक धारेसाठी. विजेत धरलं तर रोजची चारशेच्या वर युनिटं. भावाला वही दाखवली, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणला "दादा, हे आधी का नाही केलं आपण."

पैशाचं स्पष्ट लिहितो. रोपं ४५,०००. सांगाडा आणि नेट ३८,०००. दगड, खडी, कागद, मजुरी २१,०००. टाकी, पंप, पाईप १७,५००. दूध कूलर ५५,०००. एकूण १,७६,५००. कूलर नंतर चाळीस हजाराला गेला, म्हणजे खड्डा १,३६,५०० चा, आणि यात आमच्या दोघांची सहा महिन्यांची मेहनत आणि विजेचं बिल धरलेलं नाही.

रोपं देणाऱ्यांबद्दल. नाव घेत नाही. त्यांनी माल परत विकत घ्यायचा करार दिला होता आणि तोंडी सांगितलं होतं की वाहतं पाणी असलं की झालं. करारात खाली एक ओळ होती की पाण्याचं तापमान राखण्याची जबाबदारी शेतकऱ्याची. ती ओळ आम्ही वाचली होती पण तिचं वजन कळलं नव्हतं. एप्रिलमध्ये फोन केला तर त्यांनी तीच ओळ वाचून दाखवली. रोपं खरी होती, त्यात फसवणूक नव्हती. पण ज्या माणसाला रोपं विकायची त्याच्या विहिरीचं तापमान एकदा तरी विचारायचं, एवढं त्यांचं कर्तव्य होतं असं मला मनापासून वाटतं, त्यांना पंचेचाळीस हजार मिळाले आणि प्रश्न एकही विचारला नाही.

मे च्या सुरुवातीला बरेच जण म्हणले इथं नाही तर तोरणमाळला करा, तिथं थंडी असते. प्रश्न योग्य होता. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच, थंडीत अक्कलकुव्याच्या डाबला आणि तिकडं वरती दवबिंदू गोठतात, डाबला तर स्ट्रॉबेरी होते. पण स्ट्रॉबेरी थंडीत लावून उन्हाळ्याच्या तोंडाशी उरकता येते, वसाबी नाही. तरी अंदाजावर परत जायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून तिकडच्या आश्रमशाळेवर असलेल्या मित्राला मीटर पाठवला, त्यानं एका झऱ्याचं पाणी जानेवारीपासूनच भावाच्या सांगण्यावरून बघितलं होतं साध्या मीटरनं, आता नीट बघितलं. जानेवारीत १६, मार्चच्या शेवटी २०, मे मध्ये २२ आणि धार करंगळीएवढी. हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे तिथली सरासरी विशीच्या वरच राहणार, झरा बारमाही त्याच्या खाली राहणार कसा. आपल्या देशात वर्षाची सरासरी १३ च्या जवळ भरते ती हिमालयात, सिमल्याच्या उंचीला. सातपुड्याला तेवढी उंचीच नाही.

ज्या दोघांचे फोन आले त्यांना माझं सांगणं हेच आहे, आणि हे वसाबीपुरतं नाही, ट्राउट मासा असो की अजून कुठलं गार पाण्याचं पीक असो. प्रोबवाला मीटर घ्या, दोरीला बांधा, विहिरीत पाच फूट खाली सोडा आणि महिन्यातून एकदा, पहाटे आणि दुपारी, वहीत लिहा. घाई असेल तर डिसेंबर आणि मे ही दोन वाचनं तरी घ्याच. दोन्ही सारखी आली आणि २५ च्या वर आली तर तो विषय तिथंच सोडा, रोपवाल्याला फोन पण करू नका. आणि कुणी शेडनेट, पॅड, चिलर सुचवलं तर आधी वरचं गणित करा, आपल्या धारेचा आकडा घालून.

शेवटची सात रोपं आम्ही बारा मेला उपटली. त्यातल्या एकाच कंदाचा आतला गाभा निरोगी होता, करंगळीच्या दोन पेरांएवढा. मावशीनं तो पाट्यावर घासला, चिमूटभर हिरवट लगदा निघाला, आम्ही तिघांनी बोटानं चाटला, नाकातून पाणी आलं. मावशी म्हणली, "मव्हरीनाच वास शे."

सांगाडा आणि नेट तशीच आहे. दगड-खडी काढून तिथं ट्रे मांडलेत, जूनसाठी मिरचीची रोपं टाकलीत, नंदुरबारकडच्या दोघांनी आधीच सांगून ठेवलंय. थर्मामीटर विहिरीत लटकतोय. भाऊ दर पंधरा तारखेला वाचन लिहितो, कालचं २६.७ होतं.